गप्प बसणाऱ्यांना बाहेर काढण्याबाबत

कुंडल, ता. पलूस, जि. सांगली
गुरुवार, जेवणं उरकल्यावर

आदरणीय लालासाहेब दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा नानासो याचा रामराम पोचावा. धोंडुअक्कालाही नमस्कार. आपली साखर ताब्यात असेल, अक्काचा गुडघा जिना चढू देत असेल आणि कोचीची ती चिकचिक (अंग पुसून होतंय तोवर परत ओलं) सोसवत असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. ऊस गेला, द्राक्षबागा उतरायला लागल्या, म्हैस गाभण आहे. आमची सौभाग्यवती जूनपासून पुण्याला मुलाकडे आहे, नातवाच्या शाळेपायी. तेव्हा भाकरी माझी मीच थापतो आणि तिनं गोल असावं असा आग्रह धरत नाही.

या पत्रासोबत भाची क्रांतीसाठी बाळंतविडा आहे. डिंकाचे लाडू, अळीव, सुकं खोबरं, बाळाला झबली-टोपडी. पार्सल अक्काच्या नावानं केलं आहे, म्हणजे ते परत पाठवायचं तर आपल्याला आधी अक्काला विचारावं लागेल. पत्र लाडवांच्या डब्याखाली ठेवलं आहे तेही त्याच हेतूनं. आपण माझा फोन घेत नाही याबद्दल तक्रार नाही. दाजींनी रुसणं हा दाजींचा हक्क आहे आणि आमच्या घराण्यानं तो कधी नाकारलेला नाही. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे, त्यात कसलंही मागणं नाही, एवढं सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

हकिकत मुळापासून सांगितली की राग मुळापासून जातो असा माझा अनुभव आहे. (वाईच्या स्टँडवर मी कंट्रोलर असताना सातारा गाडी का लागली नाही हे प्रवाशांना सकाळच्या पंक्चरपासून समजावून सांगत असे. सांगून होईपर्यंत गाडी येत असे.) तर गेल्या दिवाळीला आपण सर्व गावी आला होतात तेव्हा क्रांतीनं हे काढलं. आपल्या गावची सोनं गाळणारी, गलाईची माणसं कोचीपासून गुवाहाटीपर्यंत पसरलेली, आणि सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात सकाळी सोन्याचा भाव कुणी टाकला तर तो शोधायला 'सुप्रभात'च्या गुलाबाच्या फुलांखाली हात घालावा लागायचा. क्रांती म्हणाली, यापेक्षा आपण दुसऱ्या ॲपवर आपला चॅट सर्व्हर काढू. सर्व्हर म्हणजे काय असं मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, मोठं स्टँड समजा. एकेका विषयाला एकेक फलाट. ज्याला जिथं जायचंय त्यानं तिथं उभं राहायचं." हे माझ्या तत्काळ ध्यानात आलं. मग एक फलाट भावाचा झाला, एक गावाकडच्या खबरीचा, एक रेल्वे रिझर्वेशनचा, आणि एक 'कट्टा', जिथं लिहायचं नाही, तोंडानं बोलायचं. दार कायम उघडं, ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं. हे सगळं तिनं आपल्या, म्हणजे दाजींच्या, फोनवरून उघडलं, म्हणून कागदोपत्री मालक आपण. आणि अख्ख्या गोतावळ्यात निवृत्त, रिकामा आणि माईकवर बोलायची सवय असलेला मी एकटाच, म्हणून कंट्रोलर मी.

अधिकार म्हणाल तर फार नव्हते, पण पुरेसे होते. एखाद्याचं तोंड काही वेळ बंद करता येई. एखाद्याला बाहेर काढता येई (हा परत येऊ शकतो). एखाद्याला हद्दपार करता येई (हा मालकानं माफी दिल्याशिवाय येऊ शकत नाही). फलाटाचा वेग कमी करता येई, म्हणजे एकानं एकदा लिहिलं की काही मिनिटं थांबायचं. हे अस्त्र मी आपल्या मदुराईच्या चुलतभावासाठी वापरलं, कारण ते 'मी उद्या गावी येतोय' हे वाक्य एकेक शब्द करून पाठवतात आणि प्रत्येक शब्दाला सगळ्या देशातले फोन वाजतात. माणसांना हुद्दे देता येत, हुद्द्यागणिक नावाला रंग येई. आणि या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक यांत्रिक नोकर होता. त्याला आम्ही हवालदार म्हणू लागलो. तो झोपत नाही, जेवत नाही आणि नियम लिहून दिला की माणूस बघत नाही. फक्त त्याला सगळ्यांच्या वरच्या पायरीवर बसवावं लागतं, अगदी माझ्याही वर, कारण तो स्वतःपेक्षा खालच्यालाच हात लावतो. क्रांतीनं विचारलं, "मामा, चालंल न्हवं?" मी म्हटलं, नोकरीभर माझ्यावर कुणी ना कुणी होतंच, आता निवृत्तीत चुकल्यासारखं वाटत होतं.

पहिला नियम शिव्यांचा. आपल्या भागात शिवी ही शिवी नसून स्वल्पविराम आहे हे आपण जाणताच, पण बायाबापड्या वाचणार म्हणून त्या बंद करायचं ठरलं. कोणते शब्द नकोत त्यांची यादी हवालदाराला द्यावी लागते. क्रांती म्हणाली तुम्ही लिहा, मी चहा टाकते, आणि आत गेली ती चहा दोनदा उकळला तरी बाहेर आली नाही. मी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या सहवासात आयुष्य काढलेलं असल्यानं यादी परिपूर्ण झाली. अडचण एवढीच झाली की हवालदार शब्द पुरता वाचत नाही. ती अक्षरं दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या पोटात दडलेली दिसली तरी तो पकडतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात 'भाडं' बंद झालं. आता गलाईच्या माणसाला सोन्याच्या भावाखालोखाल गाळ्याच्या भाड्याचीच चिंता, पण कुणाला ते उच्चारता येईना. लोक 'गाळ्याचं ते' असं लिहू लागले. मी म्हटलं, शिस्त म्हटली की थोडी गैरसोय आलीच.

आता आपल्या विषयाकडे येतो.

क्रांतीचे दिवस भरायच्या आधीच दुखायला लागलं, आपण तिला घेऊन दवाखान्यात गेलात आणि बाहेर उभे राहिलात. तिथून आपण आनंदानं गावाकडच्या खबरीच्या फलाटावर लिहिलंत: "व्हरांड्यात उभा होतो. नर्सबाईनं येऊन सांगितलं. नात झाली. दोघी खुशाल." हे हवालदारानं क्षणात पुसलं. व्हरांड्यात गैर काय ते मला पुढे कितीतरी वेळ कळेना. शेवटी चष्मा लावून तो शब्द फोडून पाहिला आणि मान खाली घातली. आपल्याला वाटलं नेट गेलं असेल, म्हणून परत लिहिलंत. परत पुसलं. मग रागानं तिसऱ्यांदा. तीन इशारे झाले की आठ दिवस तोंड बंद, ही शिस्त माझी. आणि त्या वेळी जो मजकूर समोर येतो तोही मीच रचलेला, माईकवरच्या भाषेत: 'आपली भाषा सभ्य माणसास शोभत नाही. आठ दिवस विचार करावा.' आपण त्या घटकेला आजोबा होऊन जेमतेम चहाही घेतला नसेल.

यानंतर काय झालं ते मी तर्कानं जुळवलं आहे. आपण म्हणालात, नानासोला सगळ्यात आधी बातमी दिसली आणि त्याचं उत्तर हे आलं. अक्का म्हणाली असेल, धाकट्यानं फोन करायचा का मी? आणि दोघंही फोनकडे बघत बसलात. इकडे मी भावाच्या फलाटावर गुलाबाची फुलं उचलत होतो. पाचव्या दिवशी क्रांतीचा फोन आला, आवाज थकलेला.

"मामा, बाबांनी काय शिवी दिली वो?"

मी विचारलं, "कुणाच्या बाबांनी?"

"माझ्या. आणि मला मुलगी झाली, ते तरी कळलंय का तुमाला?"

मी उंबऱ्यावर बसलो. जिला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईच्या घाटावर खांद्यावर बसवून फिरवलं तिला मुलगी झाली, आणि ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिनंच काढलेल्या स्टँडवर मी शिस्त लावत होतो. (इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहिणार होतो, पण त्याच वेळी चुलीत ओलं लाकूड होतं, तेव्हा खात्रीनं सांगता येत नाही.) व्हरांड्याला यादीतून सूट दिली, क्रांतीनं ती कशी द्यायची ते बाळाला पाजता पाजता सांगितलं. मग आपल्याला फोन केला. तोवर आपण ॲपही काढून टाकलं होतं आणि माझा नंबरही.

इतकं झाल्यावर मी हवालदाराला घरी बसवायला हवा होता असं आपण म्हणाल. अक्काही म्हणेल. पण माणूस एका चुकीवरून एकच चूक सुधारतो.

कट्ट्याचा एक नियम होता. लोक बोलायला येत आणि दार उघडं टाकून निघून जात. मग कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कुणाची मालिका, कुणाचं घोरणं सगळ्या देशाला ऐकू येई. म्हणून मी हवालदाराला सांगितलं होतं, जो पंधरा मिनिटं काही बोलणार नाही त्याला बाहेर काढ. फलाटावर विनाकारण बसू नये हे तत्त्व मला नोकरीपासून प्रिय आहे.

आमच्या शेजारच्या बनुबाई वैनी आपल्याला माहीत आहेतच, ज्यांचा शिवतेज गुवाहाटीला गाळा चालवतो. त्यानं आईला दोन महिने राहायला बोलावलं होतं, तिकीट मीच काढून दिलं होतं. एका दुपारी वैनी पदर खोचून ओट्याशी आल्या.

"भावजी, तेवढं तिकीट माघारी करा."

मी म्हटलं, "का वो वैनी? पंधरवड्यावर आलंय की जाणं."

"जो रोज भाईर काढतो त्येच्या दारात जाऊन काय करू? हितनं बघितलं तेवढं लय झालं."

शिवतेज आईला बाहेर काढील हे मला पटेना. मी चौकशीला त्यांच्या घरी गेलो. वैनींनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, कट्टा लावलेला, समोर सुपात हरभरे. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "गप बसा. भट्टी लावलीया त्यानं." मग आम्ही गप्प बसलो. पलीकडून, शिवतेजच्या गाळ्यातून, पंख्याची घरघर येत होती. चिमटा ठेवल्याचा आवाज आला. वैनी हळूच म्हणाल्या, "मुशीत माल घातला बघा." कुणीतरी बोललं, शिवतेज काहीतरी म्हणाला. "गिऱ्हाईक आलं. लय गोड बोलत्यात ती मानसं, कळत कायबी न्हाई." मग तो खाकरला. वैनी म्हणाल्या, "धूर जातोय नाकात. फडकं बांध म्हणून सांगितलंय कवाधरनं." पण हे त्यांनी मला सांगितलं, त्याला नाही. त्यांनी आपल्याकडचं बोलणं बंद करून ठेवलेलं असायचं, लेकराच्या कामात आडवं यायला नको म्हणून.

दाजी, मी आयुष्यभर माईकवर बोललो. एवढा वेळ न बोलता कुणाबरोबर बसल्याचं मला आठवत नाही. हरभरे निवडून होत आले होते, तोच फोनवर अक्षरं उमटली: 'विनाकारण बसू नये.' पंख्याचा आवाज तुटला. वैनींना वाचता येत नाही, पण घर शांत झालेलं कळतं. त्यांनी फोन उचलून माझ्यापुढे धरला. "बघितलंसा? रोज आसंच. घटकाभर बसू देतंय आन् खाड्दिशी बंद."

मी ओट्यावर येऊन आधी गुवाहाटीला फोन लावला. शिवतेज बारीक आवाजात म्हणाला, "काका, आईच फोन ठेवती. दिवाळीला आलो न्हाई त्येचा राग हाय तिला. मी म्हटलं ठेवू दे. रोज परत येती न्हवं, म्हंजे राग लय मोठा न्हाई."

म्हणजे दोन टोकांना दोघं रुसलेली, आणि मधे मी, पगार न घेता. परत आत गेलो आणि सांगितलं, "वैनी, त्यानं न्हाई काढलं. मी काढलं."

वैनींनी सूप बाजूला सारलं. "तुमी? आवं, तुमाला काय केलंय मी?"

या प्रश्नाला सेवाकाळात मी कधी तोंड दिलेलं नव्हतं. उरलेले हरभरे निवडून दिले.

मग दुरुस्तीला बसलो. नियमच काढून टाकावा तर परत ते घोरणं सुरू होणार. हवालदाराला सांगावं की बनुबाईंना सोड, तर तो नाव ऐकत नाही, हुद्दा ऐकतो. म्हणून मी नवीन हुद्दा तयार केला, 'आई', रंग हळदीचा, आणि नियम घातला की या हुद्द्याच्या माणसानं कितीही वेळ गप्प बसावं. तो वैनींना दिला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी आया आल्या, त्यांनाही दिला, ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी आपल्या मदुराईच्या चुलतभावाचा संदेश आला, एकेक शब्द करून: "आमाला. बी. आई. करा." मी म्हटलं, तुमच्या मिशा बघता हे कसं जमायचं? ते म्हणाले, घरच्यांनी इथे कुंडलला फोन परसात ठेवलेला असतो, दुपारी गाळ्यावर गिऱ्हाईक नसलं की मी कोंबड्या ऐकत बसतो, आणि तुमचा हवालदार मला उठवतो. मग एकेक उघड होत गेलं. कुणी गिरणीची टुकटुक ऐकत होतं, कुणी भावकीतलं भांडण, कुणी नुसतं घरचं मराठी. निम्मा कट्टा न बोलण्यासाठीच येत होता आणि मला वाटत होतं तो ओस पडलाय. मी सगळ्यांना आई केलं. सध्या तिथे पाहिलं तर मदुराई, कोइम्बतूर, सालेम, सगळीकडे हळदी रंगाच्या मिशाळ आया दिसतात. नियम कुणालाच लागू उरला नाही, तेव्हा तो कडकही करून टाकला: एका दिवसात तिसऱ्यांदा गप्प सापडला की हद्दपार. ज्याच्या वाटेला कुणी जाणारच नाही त्या दाराला कुलूप मोठं लावलं म्हणून कुणाचं अडत नाही, असा माझा विचार होता.

तर आता सर्व सुरळीत आहे. बनुबाई वैनी तिकीट माघारी न करता गुवाहाटीला गेल्या, शिवतेजच्या नाकाला फडकं बांधलं गेलं असं कळतं. सर्व्हरवर माझी देखरेख चालू आहे, सध्या जरा लांबून. बारसं सव्वा महिन्यानंतर कोचीलाच करणार असं ऐकतो. त्याचं आमंत्रण मला मिळालेलं नाही, याची मी नोंद घेतलेली नाही. नाव काय ठेवताय तेही विचारत नाही. बाळाची दृष्ट काढत जा, अक्काला म्हणावं जिना दिवसातून एकदाच, आणि क्रांतीला हे पत्र वाचून दाखवताना शिव्यांच्या यादीचा परिच्छेद गाळावा. लोभ कमी झाला असल्यास जेवढा उरला आहे तेवढा तरी राखावा.

आपला धाकटा मेहुणा,
नानासो

ता. क. वर कसलंही मागणं नाही असं लिहिलं आहे. हेही मागणं नव्हे, कळवणं आहे. सगळ्यांना आई करताना मी स्वतःला केलं नाही. एक तर मला ते शोभेना, आणि कंट्रोलरनं सवलत घेऊ नये. वैनी गेल्यावर शेजार बंद झाला. मी तिन्हीसांजेची भाकरी खाऊन कट्टा लावून बसू लागलो. मदुराईला कुणी भांडी घासत असतं, गुवाहाटीला वैनी लेकाला जेवायला वाढत असतात, तुमचं कोची मात्र मुकं. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नसे. गेल्या सोमवारी हवालदारानं मला तीनदा सांगितलं की विनाकारण बसू नये. तिसऱ्यांदा हद्दपार केलं. तो माझ्या वरच्या पायरीवर असल्यानं माझी कुठलीच किल्ली त्याला चालत नाही. उपाय फक्त मालकाच्या हाती आहे. आपण ते ॲप परत घ्यावं, मालक म्हणून आत जावं, हद्दपारांची यादी उघडावी. तीत एकच नाव आहे, शोधायला त्रास होणार नाही.

ता. क. दुसरा. घाई नाही. फक्त असं कानावर आलं की क्रांतीनं बारशाचं आमंत्रण सर्व्हरवर टाकलं आहे आणि ते सगळ्यांनी पाहिलं. त्यात माझं नाव आहे की नाही हे मला बाहेरून दिसत नाही, आणि भाचीला विचारणं मामाला शोभत नाही. मिरजेहून निघणाऱ्या गाडीचं तिकीट मात्र काढून ठेवलं आहे. आमंत्रण नसेल तर माझं कोचीत दुसरं काम आहे. (कोणतं ते अजून ठरायचंय.)

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवताना गुवाहाटीहून बनुबाई वैनींचा फोन आला. आपल्याला पत्र लिहितोय म्हटल्यावर त्यांनी निरोप दिला, "लालासाहेबास्नी म्हणावं, नानासोला आत घ्या, बसू द्या बिचाऱ्याला, पर किल्ली तेवढी देऊ नका." निरोप जसा होता तसा कळवला आहे. त्यावर माझं मत मी राखून ठेवतो.